व्हाळाचं गाऱ्हाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, नाही. भावाबहिणींना नाही. देवाला तर उलट भलतंच सांगून ठेवलंय — ते पुढे येईल.

आणि गंमत बघा, आमच्या कुटुंबात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. चवथीला मुंबईहून, वास्कोहून सगळे घरी जमले, आरत्या आटोपल्या, की पोरं मला हाताला धरून सोप्यावर बसवतात. कुठला काका स्वतःच्या लग्नातून जेवणाच्या आधी पळाला, कुठल्या आत्याने पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, सगळे उंडे विकत घेऊन गुरांना घातले — सगळ्यांची बिंगं माझी फोडून झाली. पोट धरून हसतात लोक. माझं स्वतःचं एक तेवढं राहिलंय. ते तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मधेच उठून ‘पण बाळा, तेव्हा तू —’ असं विचारू शकत नाही.

बाळा हे माझं घरातलं नाव. वय पन्नाशीच्या पलीकडे, पोट त्याच्याही थोडं पुढे, पण नाव बाळाच.

तर — सुरुवात कुठून करू? गाड्यांपासून करतो.

कोरगावच्या बाजूला रस्त्याला लागून आमची थोडी पड जमीन होती. मी त्याआधी तीन-चार धंदे करून बुडवले होते. त्यांच्याही गोष्टी आहेत, त्या चवथीला ऐका. मग मोपाच्या पठारावर विमानतळाचं काम सुरू झालं आणि आमच्या रस्त्याने टिपर जायला लागले. लाल मातीने असे लडबडलेले, की मूळ रंग कुठला ते ड्रायव्हरलाच आठवू नये. मला वाटलं, देवाने धंदा दारात आणून सोडला. बोअर मारली, रॅम्प बांधला, प्रेशरचा पंप आणला आणि पाटी लावली — ‘निर्मळ वॉशिंग सेंटर’. नाव मीच सुचवलं होतं. सुलभा म्हणाली होती, “स्वतःची न्हाणी कधी धुतली नाही जन्मात, आणि लोकांच्या गाड्या धुणार!”

पण धुतल्या. टिपर धुतले, हरमल-मोरजीच्या भाड्याच्या जीपगाड्या धुतल्या, टॅक्स्या धुतल्या. गाडी धुणं म्हणजे नुसतं पाणी मारणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. ग्रीस निघतं, जळकं ऑइल निघतं, आणि वर पुन्हा आपण खालच्या लोखंडाला गंज धरू नये म्हणून डिझेल मारतो. हे सगळं खाली येतं. त्यासाठी पंचायतीच्या अटीप्रमाणे मी टाकी बांधली होती, तीन कप्प्यांची. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, तिसऱ्यातलं पाणी शोषखड्ड्यात जातं. बघायला आलेल्या माणसाला मी ती टाकी अशी दाखवली होती, जशी लोक नवीन सून दाखवतात.

फक्त एक गोष्ट दाखवली नाही.

गवंड्याने टाकीच्या तळाला एक भोक ठेवलं होतं, कधी आतून धुवायची झाली तर म्हणून. त्याला मी फणसाच्या लाकडाचा गुडदा, म्हणजे बूच, मारला होता, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून. आणि त्या भोकाला बाहेरून एक पाइप जोडला. गवंड्याने नव्हे. मी. आपल्या हाताने, माडांच्या मुळांतून चर खणून, तो पाइप व्हाळापर्यंत नेला.

व्हाळ म्हणजे आमच्या वाड्यातून वाहणारा ओढा. त्याच्यावर आमचं सगळं चालतं. पावसाळी भात कापून झालं, की सगळे मिळून व्हाळाला मातीचा बांध घालतात आणि त्या पाण्यावर वायंगण करतात — वायंगण म्हणजे दुसरं भात — शिवाय अळसांदे, मिरच्या, तांबडी भाजी. बायका तिथेच गोधड्या धुतात. त्याच व्हाळाच्या कोंडीत मी पोहायला शिकलो. कंबरेला दोन सुके नारळ बांधून मला पाण्यात ढकलणारा होता माझा चुलतभाऊ सोनूदादा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. मी नाकातोंडात पाणी जाऊन बोंबलत होतो आणि तो काठावरून ओरडत होता, “मरणा नाय रे! हांव आसां मगे हंय!” मरत नाहीस, मी आहे ना इथे. आणि तो होताच.

या सोनूदादाची व्हाळाच्या काठाला काजूची भट्टी होती. मार्च-एप्रिलात वाड्यातले सगळे आपल्या काजूची बोंडं त्याच्याकडे आणून टाकायचे. तो ती तुडवायचा, रस आंबवायचा, तांब्याच्या भाणात उकळून हुर्राक आणि फेणी काढायचा. भट्टी चालू झाली, की वास थेट आमच्या जनेलाच्या गजांतून आत यायचा. त्याने लहानपणी मला त्या वासाच्या नुसत्या हवेवर झिंगवलं होतं, हीपण चवथीची एक गोष्ट आहे.

बघा, मी पुन्हा दुसरीकडे चाललो. सवय आहे.

पाइप. पाइपाचं तोंड मी कुठे सोडलं? भट्टीच्या वर सोडलं असतं तर सोनूदादाला स्वतःच्या पाण्यात तेल दिसलं असतं. बांधाजवळ सोडलं असतं तर सगळ्यांनाच दिसलं असतं. मी ते भट्टीच्या जरा खाली, केवड्याच्या जाळीत सोडलं. तिथे सापांच्या भीतीने कुणी जात नाही. कित्येक वर्षं मी मनाला सांगत आलो, की सापांमुळेच ती जागा निवडली. पण तिथे उभा राहिलो तेव्हा नाकाशी भट्टीचा वास होता, आणि डोक्यात असंही आलं होतं — इथे आणखी काही वास आला, तर तो कुणाच्या नावावर जाईल?

हे मी आता पहिल्यांदा शब्दांत मांडतोय. बरं वाटत नाही.

सुरुवातीला गुडदा फक्त पावसात काढायचो. व्हाळ दुथडी भरून जायचा, त्यात माझं चार बाल्द्या काळं पाणी कुणाला कळणार? मग दिवाळीनंतरही एकदा काढला. म्हापशाहून टाकी उपसणारा टँकर बोलवायचा, तो आज येतो, उद्या येतो करणार, त्याच्यासाठी थांबायचं — कंटाळा, दुसरं काय? मोठमोठी पापं माणसं रागाने, लोभाने करत असतील. मी कंटाळ्याने केलं. दुपारी जेवून उठायचं, हात धुवायचे, गुडदा काढायचा आणि झोपायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये काम फार होतं. टाकी पुन्हा पुन्हा भरत होती, व्हाळाचं पाणी आटलेलं होतं आणि खाली बांध घातलेला. मला काय, बांध माहीत नव्हता? बांधायला मीही एक दिवस गेलो होतो. टोपी घालून, दोन टोपल्या माती टाकून, उरलेला वेळ गोष्टी सांगितल्या होत्या.

आधी म्हशींनी पाण्याला तोंड लावायचं सोडलं. मग बांधाशी मेलेले मासे तरंगले. वायंगणाच्या रोपांना पाण्याच्या पातळीवर काळी रेघ आली आणि खालची पात पिवळी पडली. शेजारची पार्वतीवयनी गोधड्या धुऊन आली तर तिच्या दोन्ही हातांवर फोड. वाड्यातली माणसं व्हाळाच्या काठाने वर चालत गेली. भट्टीच्या वर पाणी नितळ. भट्टीच्या खाली घाण. केवड्यात कुणी वाकून बघितलं नाही.

संध्याकाळी सगळे माझ्या रॅम्पपाशीच जमले, कारण तिथे बसायला बाक होते. पार्वतीवयनी हात पुढे करून म्हणाली, “भट्टीचा पाणी आमी काय आज बघतंव? घाण येता, पण हात भाजूक नाय कधी. आणि वर तेलाचो तवंग खंयसून इलो?”

तेल म्हटल्यावर दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप म्हणून नव्हे. मी गाड्यावाला, मला तेलातलं कळत असेल, म्हणून. तेव्हा मी काय बोललो ते शब्दन्‌शब्द सांगतो. मी म्हणालो, “काजीच्या बियेकपण तेल आसता. ता अंगाक लागला की भाजता.”

एवढंच. यात खोटं काय आहे? काजूच्या बियेच्या टरफलात तेल असतं, ते कातडीला लागलं तर फोड येतात, आमच्याकडे तान्ह्या पोरालाही हे माहीत असतं. एकही शब्द खोटा नाही. म्हणून तर तो इतका चालला. काजूत जन्म काढलेली माणसं — सोनूदादा बिया वेगळ्या काढून वाळवतो, पाण्यात घालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक — पण त्यांना एक कारण हवं होतं आणि मी ते घरच्यासारखं हातात दिलं. सोनूदादा तिथेच उभा होता. तो नुसता म्हणाला, “बियो कशाक घालतलंय मी व्हाळात? बियो विकूक नकोत?” कुणीतरी म्हणालं, “पोरांनी धुतल्यो आसतीत.” आणि झालं.

आता देवळाचं.

आमच्याकडे असं काही झालं, की गाव देवळात गाऱ्हाणं घालतो. एकाने सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. वडील घालायचे तेव्हा अंगावर काटा यायचा. त्यांच्या मागे तो मान माझ्याकडे आला, कारण आवाज मोठा आणि जीभ लांब. म्हणजे व्हाळ नासवणाऱ्याला शोधून दे, असं देवाला सांगायला गावाने कुणाला उभं केलं? — तुम्ही हसलात तरी चालेल. दुसऱ्या कुणाची असती तर ही गोष्ट मी स्वतःच हसवून सांगितली असती.

तातू, म्हणजे आमच्यातले वयाने सगळ्यात मोठे, मला म्हणाले, “नीट माग हां बाळा. ‘ज्याणा व्हाळ नासलो ताका उजेडात हाड,’ असा माग.”

मी नारळ हातात घेतला. समोर समया. मागे सगळा वाडा, त्यात सोनूदादा, धुतलेला शर्ट घालून, बटण गळ्यापर्यंत लावून. मी सुरू केलं, “बा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे उभी आसत —”

“व्हय म्हाराजा!”

“आमचो व्हाळ, आमचा जीवन, ता आज नासला —”

“व्हय म्हाराजा!”

आणि पुढचं वाक्य तोंडातून येईना. ज्याणा व्हाळ नासलो ताका — ताका काय? मी माझ्याच तोंडाने, वडिलांच्या जागेवर उभा राहून, स्वतःला उजेडात आणायला सांगू? मी देवभोळा नाही असं चारचौघांत सांगतो. पण समईपुढे नारळ धरून उभं राहा आणि मग सांगा.

मी वाक्य बदललं. “ज्या कोणाच्या हातून, कळान न कळान, ही चूक झाली आसात, तापण तुझांच लेकरू. ताका उघडा पाडू नको. ताका पोटात घे, बा म्हाराजा!”

मग पाठीमागून आवाज आला, “व्हय म्हाराजा!” — नेहमीपेक्षा मोठा.

मी ते स्वतःसाठी मागितलं होतं. पण लोकांनी काय ऐकलं? भावाने भावासाठी मागितलं. सोनूने चूक केली, बाळाला ती माहीत आहे, आणि तो देवापुढे त्याला पदरात घ्यायला सांगतोय. तोवर गावाला नुसता संशय होता. माझ्या त्या वाक्याने त्याचा निकाल झाला. सख्ख्यासारखा भाऊच क्षमा मागतोय म्हटल्यावर आणखी पुरावा तो कसला हवा? पायऱ्यांवर तातूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुझो बापूस आज असतो तर धन्य झालो असतो रे.” मी मान खाली घातली. ती नम्रता समजली गेली.

सोनूदादा देवळाच्या तळीपाशी थांबला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाळा, मी कायेक घातलंय नाय रे व्हाळात. तुका तसा वाटला, जाऊंदे. पण इतके जण होते, माझ्यासाठी कोण मागूक नाय. तू मागलंस.” आणि त्याने माझा दंड दाबला.

तेव्हा बोलता आलं असतं. तळीपाशी तिसरं माणूस नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “चल, काळोख पडता.”

दुसऱ्या दिवशी मी सिमेंट कालवलं आणि टाकीचं भोक आतून बुजवलं. पाइप उपसून काढला. त्यानंतर टँकरच बोलावतो, आजपर्यंत. मला वाटलं, झालं, सुधारलो. स्वतःवर खूशही होतो. पण माझ्या सुधारण्याने काय झालं ते पुढच्या वर्षी कळलं. गाऱ्हाण्यानंतर वाड्याने आपली बोंडं सोनूदादाकडे न्यायचं बंद केलं होतं. रिक्षा करून दुसऱ्या गावच्या भट्टीवर नेत होते. त्याची भट्टी थंड पडली. आणि व्हाळ नितळ झाला. मासे आले, म्हशी पाण्यात बसायला लागल्या, वायंगण हिरवंगार. लोक बांधावर उभे राहून म्हणाले, बघा — भट्टी बंद झाली आणि व्हाळ सुधारला. सोनूदादालाही ते पटायला लागलं. एकदा मला म्हणाला, “माका वाटता रे, बियो गेल्योच आसतीत. पोरांनी घातल्यो आसतीत. मी बघूक नाय.” त्याला त्याचाच भरवसा राहिला नाही. हे मी केलं.

भट्टीवर आता नुसते चार चिरे आहेत. तांब्याचं भाण त्याच्या मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, मागे पालथं पडलंय, त्याच्यावर कोंबड्या चढतात. सोनूदादा हरमलच्या बाजूला एका हॉटेलात रखवालदार आहे. निळा गणवेश, बाह्या हातांपेक्षा लांब. रस्त्याने जाताना माझ्या रॅम्पपाशी स्कूटर थांबवतो, मी ती धुऊन देतो, फुकट. तो बाकावर बसून पाणी कसं टाकीत जातं ते बघत राहतो. एकदा म्हणाला, “सुबक बांधलंस हां टाकी.”

अजून एक आहे. ते सांगायचं नाही असं लिहायला बसताना ठरवलं होतं.

या सगळ्याची मी चवथीला गोष्ट केली. ‘तेलाची फेणी’ असं तिचं नाव. सोनूकाकाने बिया धुतल्या, म्हशी व्हाळावर रुसल्या, पार्वतीवयनीचे हात फुगून वडे झाले. पोरांना ती फार आवडते. मला मधे आवाज काढता येतात, म्हशीचा, तातूंचा. दर वर्षी कुणीतरी पोर ओरडतंच, “काका, तेलाची फेणी सांग!” आणि मी सांगतो. सोनूदादा समोर खुर्चीवर बसलेला असतो. सगळ्यांबरोबर तोही हसतो. मी सांगताना त्याच्याकडे बघत नाही, पोरांकडे बघतो. पहिल्या वर्षी मी ती का सांगितली? कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. एखादी गोष्ट हसून सांगितली, की तिची कुणी पुन्हा चौकशी करत नाही — एवढी अक्कल मला गोष्टी सांगून सांगून आलेली आहे.

मी अधूनमधून असं काहीबाही लिहितो. छापून आलं, की वाड्यात ते पहिल्यांदा वाचतो सोनूदादाच. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जातो, चष्मा पुसतो, ओळीखाली बोट धरून वाचतो आणि मग तो अंक हॉटेलात नेऊन दाखवतो, हा माझा भाऊ म्हणून. हेही तो वाचेल. बोट या ओळीपर्यंत आलं असेल.

सोनूदादा, व्हाळात तेल मी सोडलं. केवड्यातून, पाइपाने, जाणूनबुजून. तू नाही, तुझ्या पोरांनी नाही, तुझ्या बियांनी नाही. त्या दिवशी देवळात जे मागितलं, ते तुझ्यासाठी नव्हतं.

गाऱ्हाण्यात म्हणायचं होतं ते एवढंच होतं. यावर कुणी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं नाही.